तेवीस फायलींचं निर्लेखन

बिरदेवचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती आणि ईरण्णांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र कुठं आहे हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. कपाटाची वरची फळी, शब्दकोशाचा दुसरा खंड. निळं अंतर्देशीय पत्र, बॉलपेननं लिहिलेलं, अक्षर मोठं आणि उजवीकडं कललेलं. मजकूर चारच ओळींचा होता. ‘आदरणीय सर, आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. मला तिचा भाऊ समजते. पण मेंढरांची नावं बरोबर घेते. तुम्ही तिच्याकडून वाटेचं सगळं लिहून घेतलं होतं, त्याची एक प्रत मिळाली तर मी तिला वाचून दाखवीन. सवड होईल तेव्हा पाठवा.’

त्या शेवटच्या ओळीनंच घात केला. ईरण्णा लोहाऱ्याच्या वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले, मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात ते आणि महादेवी असे दोघंच. त्यांना सवडीला काय तोटा? पण प्रत पाठवायची तर ती पुरी हवी, आणि ती पुरी नव्हती.

तामलवाडी हे त्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी ते तिच्याकडं आठ दिवस राहायला गेले होते, तेव्हा शेतात मेंढरं बसवलेली होती. रात्री मेंढरं रानात बसली की त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, त्याबदल्यात शेतकरी मेंढपाळाला ज्वारी देतो. ही मेंढरं गावातल्याच हरणाबाईंची, म्हणजे बिरदेवच्या आईची. बाई सत्तरीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. ईरण्णा बांधावर पुस्तक वाचत बसलेले बघून त्या म्हणाल्या होत्या, “काय वो बुकवाले, त्यात मेंढराचं काय लिवलंय का?”

“नाही,” ईरण्णा म्हणाले.

“मग म्या सांगते, तुमी लिवा.”

बाई थट्टेनं बोलल्या, पण ईरण्णांनी खरंच वही काढली. पुढची दोन वर्षं ते महिन्यातून एकदा लोहाऱ्याहून एसटीनं तामलवाडीला जात. हरणाबाई सांगत आणि ते लिहून घेत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचं, बालाघाटाच्या डोंगरातून मांजरेच्या काठापर्यंत जायचं आणि मिरगाच्या आत परतायचं. त्या वाटेवरचे चाळीस मुक्काम बाईंना तोंडपाठ होते. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या पाटलाचं कुत्रं द्वाड, कुठल्या माळावर कुठली मेंढी व्याली. ईरण्णांच्या आयुष्यात तेवढी एकच जागा अशी होती की जिथं जाताना त्यांना भीती वाटत नसे. सभेत बोलायचं तर त्यांना घाम फुटे, लग्नाच्या पंगतीतही ते कोपरा धरून बसत. पण हरणाबाईंपुढं ते मांडी घालून बसत, चहा दोनदा मागून घेत.

अडचण होती ती हाकांची. सांगता सांगता बाई मधेच हाक घालत. पाणी दिसल्यावर मेंढरांना घालायची हाक वेगळी, कोकरू मागं राहिलं की वेगळी, लांडग्याची चाहूल लागली की त्याहून वेगळी. कधी जीभ टाळूला चिकटवून, कधी मिटल्या ओठांतून. ईरण्णांनी त्या अक्षरांत उतरवायचा किती प्रयत्न केला, पण वाचून बघितलं की त्यांचं त्यांनाच हसू येई. मग त्यांनी तिथं जागा मोकळी सोडली आणि कंसात लिहिलं, ‘हाक’. अशा सतरा जागा होत्या. आपण इतकी पुस्तकं वाचली आणि एका म्हातारीच्या तोंडचे सतरा आवाज आपल्याला लिहिता येऊ नयेत, याची त्यांना लाज वाटे. त्या सतरा जागा भरल्या की पाठवू, असं म्हणता म्हणता सहा वर्षं गेली.

मग एके दिवशी बहिणीच्या मुलाचा, बसवेशचा फोन आला. त्याच्या मुलाच्या जावळाचं आमंत्रण होतं. बोलणं संपता संपता ईरण्णांनी भीत भीत विचारलं, “हरणाबाई?”

“हायत की मामा. पण आता मेंढरांची नावंबी घेत न्हाईत. नुसत्या आढ्याकडं बघत पडून असतात. बिरदेव तुळजापूरची नोकरी सोडून घरीच असतोय त्यांच्यापाशी.”

ईरण्णांनी फोन ठेवला आणि सरळ जाऊन कम्प्युटरवरचं भरतकामाचं झाकण काढलं.

हा कम्प्युटर त्यांनी निवृत्तीच्या वेळी घेतला होता. मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम सोलापूरच्या एका गृहस्थांनी स्वतः तयार केलेला. ते घरी येऊन, जेवून, बसवून देऊन गेले होते. पुढं त्यांनी तो धंदा बंद केला. पण ईरण्णांचा हात त्या कळांवर बसला होता तो बसलाच. हरणाबाईंच्या वह्या त्यांनी त्यात उतरवल्या आणि वह्या रद्दीत दिल्या. छापलं गेलं की हस्तलिखित ठेवू नये, वाळवीला आमंत्रण होतं, हा त्यांचा वाचनालयातला नियम.

कम्प्युटर सुरू झाला, पण कुंथत कुंथत. कोपऱ्यात सूचना आली की जागा संपत आली आहे. प्रिंट काढायच्या आधी थोडी साफसफाई करावी, असं ईरण्णांनी ठरवलं. आणि इथं, स्वतःवर कधी भरवसा न ठेवणाऱ्या त्या माणसाला एकाएकी भरवसा आला. कारण हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. वाचनालयात दर तीन वर्षांनी निर्लेखन व्हायचं. फाटलेली, जुनी झालेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं संग्रहातून काढून टाकायची आणि प्रत्येकाची रीतसर नोंद करायची. ईरण्णांनी काढलेल्या एकाही पुस्तकाची पुढं कुणाला आठवण झाली नव्हती.

त्यांनी जुन्या नोंदवहीत नवीन पान काढलं, पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, जागा, आकार, शेरा. तीन दुपारी ते एकेक फाईल उघडून बघत होते. जी उघडत नव्हती, जिच्यात नुसतीच चिन्हं दिसत होती, जी कधी वाचल्याचं त्यांना आठवत नव्हतं, तिच्यासमोर त्यांनी शेरा लिहिला, ‘वाचक नाही’. यादी पुरी झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी फायली काढायला घेतल्या, तेव्हा काहींच्या वेळी कम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं, ही यंत्राची फाईल आहे, काढली तर यंत्र कदाचित चालणार नाही, खात्री आहे का? असल्या सूचना पुस्तकांच्या पहिल्या पानावरही छापलेल्या असतात. ईरण्णांनी ‘हो’ म्हटलं. हरणाबाईंच्या फायलीच्या कप्प्याला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण तिथला वाचक ते स्वतः होते. एकूण तेवीस फायली निघाल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

चौथ्या दिवशी कम्प्युटर सुरूच झाला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, अमुक नावाची फाईल सापडत नाही. ईरण्णांनी नोंदवही उघडली. ते नाव अकराव्या क्रमांकावर होतं. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात.

महादेवी आतून म्हणाल्या, “काय झालं? असे काय बसलात?”

“माझ्या हातून हरणाबाई पुसली गेली बहुतेक,” ईरण्णा म्हणाले.

स्टँडजवळच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला माणूस पडदा न बघताच म्हणाला, “फॉरमॅट मारावं लागंल.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळं कोरं. नव्यासारखं.”

ईरण्णांनी कम्प्युटरचा डबा उचलला, चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षानं तहसीलच्या रस्त्याला आले. तिथं शुभांगीचं दुकान होतं. सातबारा, दाखले, ऑनलाइन फॉर्म आणि मागच्या बाजूला दुरुस्ती. शुभांगी पस्तिशीची. लहानपणी वाचनालयात रोज यायची. ती त्यांना ओळखत होती, म्हणूनच खरं तर ते आधी तिच्याकडं आले नव्हते. ओळखीच्या माणसापुढं आपला मूर्खपणा उघडा करणं त्यांना फार जड जाई.

“या सर. चादरीत काय, पोर आणलंय का?”

ईरण्णांनी सगळं सांगितलं. खालच्या आवाजात, तिच्याकडं न बघता. शुभांगीनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“म्हंजे तुमी कम्प्युटरचं निर्लेखन केलं?”

“हो.”

“रीतसर?”

“हो.”

तिनं पदर तोंडाशी नेला. हसू आवरलं की नाही ते कळलं नाही. मग तिनं डबा उघडला, आतली डिस्क काढून आपल्या कम्प्युटरला जोडली, आणि दोन मिनिटांत म्हणाली, “रडू नका. तुमची फाईल हाय. आधी तिची कॉपी करून ठिवते. ही बघा.”

ईरण्णा पुढं झुकले. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिखल होता. उलटे स्वल्पविराम, टिंबं घातलेली परकी अक्षरं, मधेच एखादा आकडा.

“हे काय?”

“हीच तुमची हरणाबाई. पर ही लिवलीय त्या सोलापूरवाल्याच्या प्रोग्रॅममधी. माझ्याकडं त्यो न्हाय, आता कुणाकडंच नसंल. तुमचं यंत्र चालू झालं तरच ही मराठीत वाचता येणार.” ती थांबली. “म्हंजे फॉरमॅट मारायचं न्हाय. जे गेलंय तेवढंच परत आणायचं. सर, तुमी त्या प्रोग्रॅमचं तर काही काढलं न्हाय ना? त्यातलं एक जरी गेलं असलं तर मग माझ्या बापाला बी जमायचं न्हाय. आठवून सांगा, काय काय काढलं?”

ईरण्णांनी पिशवीतून नोंदवही काढली.

शुभांगी बराच वेळ पान बघत राहिली. तिच्याकडं येणारी माणसं ‘मी कशालाच हात लावला नाही’ एवढंच सांगत. इथं तेवीस नावं होती, कुठल्या कप्प्यातून काढली तेही होतं, आकारही होता.

“असलं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं न्हाय,” ती म्हणाली. तिनं पेन्सिल घेतली आणि एकेका नावापुढं खूण करत गेली. “हा कचरा. हा बी कचरा. हे सोळा सालचं काहीतरी. कचरा. सर, निवड वाईट न्हाय तुमची. तेवीसातले वीस खरंच काढायसारखे होते.”

“आणि तीन?”

“तीन म्हंजे दार उघडणारी माणसं. ती रोज सकाळी पयली उठतात, दार उघडतात आणि बाजूला हुतात. त्यांना कोण वाचायला जातंय? म्हणून तुमाला ती बिनवाचकाची वाटली.”

ईरण्णांनी नोंदवहीतल्या त्या तीन नावांकडं बघितलं. वाचनालयाची शटरं एकतीस वर्षं त्यांनीच उघडली होती.

दुकानातल्या खणात तळाशी त्याच जुन्या विंडोजची एक सीडी सापडली. तीनपैकी दोन फायली तिच्यातून जशाच्या तशा मिळाल्या. तिसरी सीडीत नसते, ती प्रत्येक यंत्राची वेगळी असते. यंत्र कुठल्या डिस्कवर, कुठल्या भागात बसवलंय याचा पत्ता तिच्यात असतो. शुभांगीनं नेहमीचा पत्ता टाईप केला, डिस्क परत डब्यात बसवली आणि बटण दाबलं.

पुन्हा काळा पडदा. पुन्हा एक ओळ, आता दुसऱ्याच फाईलचं नाव घेऊन.

“ही तर मी काढली नव्हती,” ईरण्णा घाबरून म्हणाले.

“काढली न्हाय, हाय ती जाग्यावर. पर दाराशी उभा ऱ्हाणारा चुकीच्या घरात शोधतोय.” शुभांगीनं कपाळ चोळलं. “पत्ता चुकलाय. आता एकेक करून बघावं लागंल. कुणी कसा बसवला असंल, काय सांगावं.”

ईरण्णांनी घसा साफ केला. “ती तिसरी फाईल तेवढी उघडली होती. दोन-चार ओळींची होती. विषय समजत नसला की पुस्तकाच्या पहिल्या ओळी शेऱ्यात उतरून घ्यायच्या, अशी आमची पद्धत आहे. मागं वळून बघता येतं.”

त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला, जागा पुरली नाही म्हणून बाण काढून, त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं होतं. कंस, आकडे, तिरप्या रेघा, एकही टिंब न सोडता. आणि खाली कंसात स्वतःचं मत: ‘अर्थबोध होत नाही.’

शुभांगीनं ओळीवर बोट ठेवलं. तिनं लिहिलेल्या पत्त्यात जिथं एक होता, तिथं ईरण्णांच्या अक्षरात दोन होता.

तिनं आकडा बदलला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला, थोडा वेळ काळाच राहिला. मग ते जुनं संगीत वाजलं, चार सुरांचं, आणि हिरवीगार टेकडी उगवली, वर निळं आभाळ आणि विरळ ढग. ईरण्णांना एकदम आपली बैठक आठवली, दुपारची चारची वेळ, महादेवींनी आणून ठेवलेला चहा आणि मांडीवर हरणाबाईंची वही. ही टेकडी बघून ते दर वेळी मनाशी म्हणत, श्रावणातला बालाघाट आहे झालं. त्यावर मेंढरं तेवढी नाहीत.

शुभांगीनं फाईल उघडली. अक्षरं आली. काळी, ठळक, जरा जुन्या वळणाची.

‘पयला मुक्काम माळावर, आंब्याखाली. पानी गोड. तितं माजी चांदी याली, दोन कोकरं, येक काळं येक पांढरं. काळ्याला म्या वटीत घेतलं. सकाळी निघताना ते म्हागं ऱ्हायलं तवा (हाक). आन ते आलं.’

शुभांगी मोठ्यानं वाचत राहिली. दुकानात सातबाऱ्यासाठी आलेला एक म्हातारा, गोरोबा, बाकावर बसला होता. तोही कान देऊन होता. “ऱ्हावू द्या माझं,” तो म्हणाला, “पुढं वाचा की.” तिसऱ्या मुक्कामावर शुभांगी थांबली आणि प्रिंटरमध्ये कागद भरू लागली.

“थांब,” ईरण्णा म्हणाले. “आत्ता नको. त्या सतरा जागा मोकळ्या आहेत. अशी अर्धवट प्रत कशी द्यायची? दोन दिवस दे मला. काहीतरी मार्ग काढतो.”

शुभांगीनं कागदाचा गठ्ठा खाली ठेवला.

“सर, मी चौथीत होते तवा तुमी मला एका वेळी एकच पुस्तक द्यायचे. मी दोन मागितली तर म्हणायचे, आधीचं परत आण. दुसरं कुणीतरी त्याची वाट बघत असतंय.”

“नियम होता तो.”

“मग ह्ये पुस्तक कुणाचं हाय? तुमचं?”

ईरण्णांनी नोंदवही मिटली.

“त्या माणसानं सहा वर्षांमागं मागितलंय,” शुभांगी शांतपणे म्हणाली. “आन तुमी ठिवून घेतलंय.”

गोरोबा बाकावरून म्हणाला, “मेंढराला हाक कुणी लिवून घालतंय व्हय? ती घालायची असती.”

ईरण्णांचे कान तापले. एकतीस वर्षांत त्यांनी पुस्तक ठेवून घेणाऱ्यांना किती स्मरणपत्रं पाठवली असतील. आणि सगळ्यांची उत्तरं तीच असत, थोडं राहिलंय, पुरं झालं की आणून देतो. ते खुर्चीत नीट बसले. गोरोबाचं बोलणं त्यांच्या डोक्यात फिरत होतं. बिरदेव दहा वर्षांचा होईपर्यंत त्या वाटेनं चालला होता, हे हरणाबाईंनीच सांगितलं होतं. सतराव्या मुक्कामावर तो तापानं फणफणला होता आणि त्यांनी त्याला गाढवावर बसवलं होतं.

“काढ प्रिंट,” ते म्हणाले. “आणि एक कोरा कागद दे.”

प्रिंटर खरखरत होता तोवर त्यांनी काउंटरच्या कडेला कागद ठेवून लिहिलं. पहिल्यांदा ‘सविस्तर पत्र नंतर लिहितो’ असं लिहिलं आणि खोडलं. दुसरा कागद मागितला.

‘प्रिय बिरदेव, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला सहा वर्षं लावली. कारण सांगण्यासारखं नाही. तुझ्या आईनं सांगितलेलं सगळं सोबत आहे, चाळीस मुक्काम. त्यात सतरा ठिकाणी कंसात हाक असा शब्द आहे. तिथं बाई हाक घालत, ती मला लिहिता आली नाही. तू ती ऐकत मोठा झालास. वाचताना तिथं आलास की तूच घाल. तुझा, ईरण्णा.’

पुन्हा वाचलं तर पाठवणं होणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली. चौसष्ट पानं झाली होती, अजून कोमट होती. शुभांगीनं जाड पाकीट दिलं, ईरण्णांनी पत्ता लिहिला, मुक्काम पोस्ट तामलवाडी, तालुका तुळजापूर, आणि तिनं चिकटपट्टी लावली.

“यंत्र इथंच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “संध्याकाळी पाठवून देते. साडेतीन वाजलेत, तुमी आधी पोस्टात जावा.”

तेवढ्यात महादेवींचा फोन आला. “झालं का? का अजून विचारच करताय?”

“झालं. पोस्टात निघालोय.”

 “खरंच?” मग त्या म्हणाल्या, “साकु, पुरे झालं आता, तिथं रांगेत मागं मागं सरकू नका. पुढं व्हा.”

पोस्टात दोनच माणसं होती. खिडकीपलीकडची मुलगी बोटाला स्पंज लावून तिकिटं मोजत होती. ईरण्णांची पाळी आली. त्यांनी पाकीट पुढं सरकवलं.

“रजिस्टर करायचं होतं.”

“रजिस्टर वेगळं नाही आता आजोबा. स्पीड पोस्टच जातं सगळं.”

“किती दिवसांत पोचेल?”

“तामलवाडी?” तिनं पत्ता वाचला, पाकीट काट्यावर ठेवलं. “जवळच आहे की. परवापर्यंत जाईल. आत काय आहे?”

ईरण्णा जरा घुटमळले. “एका बाईंचं पुस्तक आहे,” ते म्हणाले. “परत करायचं राहिलं होतं.”

मुलीनं मान हलवली, पाकिटावर चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि मागं न बघताच ते पोत्यात टाकलं.